‘नटक्रॅकर मॅन’ अक्रोड फोडत नव्हता

पुण्यात मानवी उत्क्रांतीवर व्याख्यान झालं की पॅरान्थ्रोपस बॉइसी या माणसाच्या नामशेष झालेल्या नातलगाची कवटी पडद्यावर येते आणि मागोमाग ठरलेलं वाक्य: हा कठीण कवचाची फळं फोडून खायचा. ही कवटी मेरी लीकी यांना १९५९ मध्ये आजच्या टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत सापडली. जबडा आणि दाढा अवाढव्य, म्हणून ‘नटक्रॅकर मॅन’ हे टोपणनाव पडलं. समज तिथूनच रुजला, आणि तो चुकीचा आहे.

भाजलेले चणे चावताना कानशिलावर बोटं ठेवा. फुगणारा स्नायू हाताला लागतो. बॉइसीत तो थेट डोक्याच्या माथ्यापर्यंत जायचा आणि त्याला धरायला डोक्याच्या मधोमध हाडाचा कंगोरा उभा राहायचा. पण कंगोऱ्यावरून स्नायू केवढा होता ते कळतं, तोंडात काय होतं ते नाही. नर गोरिलालाही असा कंगोरा असतो, आणि तो मुख्यतः पाला, देठ, फळं खातो. चिवट पाला तासन्‌तास चघळायलाही ताकद लागतेच!

खरा पुरावा दातांवरच आहे. कठीण पदार्थ फोडणाऱ्या माकडांच्या दाढांवर सूक्ष्म खड्डे पडतात. २००८ मध्ये बॉइसीच्या दाढा तपासल्या, तेव्हा फक्त बारीक ओरखडे दिसले. २०११ मध्ये दंतवल्कातल्या, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरातल्या, कार्बनच्या समस्थानिकांनी (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंनी) सांगितलं, की तीन चतुर्थांशाहून अधिक आहार उष्ण प्रदेशातलं गवत आणि लव्हाळ्यांसारख्या वनस्पतींचा होता.