डिग्री अप्रेंटिसशिप आणि सँडविच डिग्री: केमिकलला जाणाऱ्यांनी आधी करार बघा

मागच्या महिन्यात पुण्याहून मावसभावाचा फोन आला, मुलगी बारावीला आहे, केमिकल इंजिनीअरिंगच करायचंय म्हणते. तो म्हणाला, "अरे, तुमच्याकडे इंग्लंडमधे ते डिग्री अप्रेंटिसशिप असतं ना, फी नाही, वर पगार, आणि एक वर्ष कंपनीत ट्रेनिंग?" मी म्हटलं थांब, तू डिग्री अप्रेंटिसशिप आणि सँडविच डिग्री या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेस. हा घोळ खूप जणांचा होतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय, मी टीसाइडला, म्हणजे इंग्लंडच्या ईशान्येकडच्या केमिकल पट्ट्यात, प्लांटवर काम करतो त्यामुळे दोन्ही प्रकारची मुलं रोज बघतो.

एकच प्रश्न आधी विचारायचा, मुलाचा करार कोणाशी आहे?

डिग्री अप्रेंटिसशिपमधे करार कंपनीशी. म्हणजे ती नोकरीच आहे, पहिल्या दिवसापासून पगार, भरपगारी रजा, सगळं. अर्जही कंपनीच्या व्हेकन्सीला करायचा, इंटरव्ह्यू तिथेच, आणि निवड झाली की त्या नोकरीसोबत युनिव्हर्सिटी येते. इंग्लंडमधे हे 2015 पासून आहे. ट्यूशन फी मुलाने एक पेनीही भरायची नाही. ज्या कंपन्यांचं वर्षाचं पगारबिल 30 लाख पौंडांच्या वर आहे त्या 2017 पासून 0.5 टक्के लेव्ही, म्हणजे अप्रेंटिसशिपसाठीचा सरकारी कर, भरतात, शिक्षणाचा खर्च त्यातून निघतो.

सँडविचमधे करार युनिव्हर्सिटीशी. अर्ज यूकासमधून (युनिव्हर्सिटी प्रवेशाची इथली सामाईक यंत्रणा), दोन-तीन वर्षं कॉलेज, मग मधे एक वर्ष इंडस्ट्रीत, यालाच इथे प्लेसमेंट म्हणतात, आणि परत येऊन शेवटचं वर्ष, म्हणून सँडविच. त्या मधल्या वर्षी कंपनी पगार देते, पण बाकीच्या वर्षांची फी असतेच. इथल्या मुलांना 2025-26 ला 9,535 पौंडांपर्यंत होती, प्लेसमेंटच्या वर्षी तिच्या 20 टक्क्यांपर्यंतच घेता येते. आणि प्लेसमेंट बहुतेक ठिकाणी मुलानेच शोधायचं असतं, नाही मिळालं तर साध्या डिग्रीवर यावं लागतं. हे ब्रोशरमधे बारीक अक्षरात असतं.

आपल्याकडे गोंधळ वाढतो तो 'अप्रेंटिस' या शब्दामुळे. लोटे किंवा तारापूरच्या केमिकल वसाहतीत अप्रेंटिस म्हटलं की आयटीआयचा एओसीपी, म्हणजे केमिकल प्लांट ऑपरेटरचा कोर्स, केलेला मुलगा डोळ्यासमोर येतो, नाहीतर बीई झाल्यावर 1961 च्या कायद्याखाली वर्षभर स्टायपेंडवर राहणारा ग्रॅज्युएट अप्रेंटिस. तो डिग्री झाल्यावर असतो, इथलं डिग्री होता होता. त्यात स्कॉटलंडवाले याच प्रकाराला ग्रॅज्युएट अप्रेंटिसशिप म्हणतात, म्हणजे नाव आपल्यासारखं आणि गोष्ट वेगळी.

आता रोजचं कसं असतं ते सांगतो. आमच्याकडे एक अप्रेंटिस मुलगी आहे, चार दिवस साइटवर, शुक्रवारी लेक्चर. मधे एका कूलरचं (पाण्याने गरम प्रवाह थंड करणारा हीट एक्स्चेंजर) आउटलेट तापमान रोज थोडं थोडं चढत होतं, ऑपरेटर म्हणायचे पाणी कमी येतंय. ती पी अँड आयडी, म्हणजे प्लांटच्या पाइप आणि उपकरणांचा नकाशा, घेऊन अख्खी लाइन चालली, व्हॉल्व्ह तपासले, फ्लो ठीक होता. मग तिने महिन्याभराचा डेटा काढून यू, म्हणजे उष्णता किती सहज पार जाते त्याचा आकडा, काढला, डिझाइनच्या निम्म्यावर आलेला. शटडाउनला एक्स्चेंजर उघडला तर ट्यूबांच्या आत बोटाच्या नखाएवढा तपकिरी थर. फाउलिंगचा, म्हणजे असा थर साचण्याचा, धडा तिला कोणी वेगळा शिकवायची गरज राहिली नाही, आणि खरं सांगतो मला तिचा फार अभिमान वाटला.

पण याची किंमतही आहे. शिकायला कामाच्या वेळेतून वेळ द्यायचा नियम असला तरी असाइनमेंट संध्याकाळी आणि रविवारीच पुऱ्या होतात, उन्हाळ्याची मोठी सुट्टी नाही, आणि 18 व्या वर्षी एकाच प्लांटला बांधून घ्यायचं. इथल्या विल्टन साइटवरचा ऑलिफिन्स 6 क्रॅकर (इथिलीन बनवणारा मोठा प्लांट) कायमचा बंद करणार हे 2025 मधे जाहीर झालं तेव्हा इथल्या घराघरात तोच विषय होता. नोकरी गेली तर अप्रेंटिसला दुसरी कंपनी शोधावी लागते, सँडविचवाल्याची डिग्री त्याने थांबत नाही.

अजून एक. अप्रेंटिसशिपमधून बहुतेक बीइंजच (इंजिनीअरिंगची बॅचलर डिग्री) मिळते, चार्टर्ड, म्हणजे व्यावसायिक मान्यता असलेला इंजिनीअर, व्हायला पुढे अजून शिकावं लागतं. सँडविचला एमइंजचा (मास्टर्सपर्यंतची डिग्री) पर्याय सहज असतो. दोन्हीकडे ती डिग्री आयकेमई-मान्य (आयकेमई म्हणजे केमिकल इंजिनीअर्सची व्यावसायिक संस्था) आहे का हे बघितल्याशिवाय सही करू नका.

आणि व्हिसा, जो भावाला मी सगळ्यात शेवटी सांगितला, खरं तर आधी सांगायला हवा होता. स्टुडंट व्हिसावर डिग्री अप्रेंटिसशिप करताच येत नाही. त्यासाठी इथे काम करायचा हक्क लागतो आणि साधारण आधीची तीन वर्षं इथे राहिलेलं असावं लागतं. म्हणजे आई-वडिलांबरोबर इथे येऊन राहिलेल्या मराठी मुलांनी याचा जरूर विचार करावा, पण पुण्याहून थेट येणाऱ्या पुतणीसाठी तो रस्ता बंद. सँडविच मात्र चालतं, कारण प्लेसमेंट कोर्सचाच भाग असतं.

भाऊ थोडा हिरमुसला. पुतणीने स्वतः फोन घेतला, तिला म्हटलं युनिव्हर्सिटीला आजच मेल टाक, एवढंच विचार की गेल्या वर्षी केमिकलच्या किती परदेशी मुलांना प्लेसमेंट मिळालं आणि कुठल्या प्लांटवर.