नकाशे, प्राचीन ग्रीक शिक्षणातील

प्राचीन ग्रीसमध्ये लहान मुलांच्या शाळेत भूगोल हा स्वतंत्र विषय नव्हता. वाचन-लेखन, होमरचे पाठांतर, संगीत आणि व्यायाम एवढाच अभ्यासक्रम असे. गावे, बेटे व प्रदेश यांची पहिली ओळख मुलांना बहुधा *इलिअड*च्या दुसऱ्या सर्गातील कोणत्या प्रदेशातून किती जहाजे आली हे सांगणाऱ्या यादीतून होई. नकाशा समोर ठेवून शिकवण्याचे पुरावे मिळतात ते मुख्यतः तत्त्ववेत्त्यांच्या पीठांतून, आणि तेही थोडेच आहेत.

पहिल्या नकाशाचे श्रेय परंपरेने आशिया मायनरमधील मायलीटसचा तत्त्ववेत्ता ॲनॅक्झिमँडर याला (सु. इ. स. पू. ६१०–५४६) दिले जाते. मात्र ही माहिती ग्रीक भूगोलज्ञ एराटॉस्थीनीझच्या कथनावर आधारलेली असून ती आपल्यापर्यंत स्ट्रेबोसारख्या बऱ्याच नंतरच्या लेखकांमार्फत आली आहे. मूळ आलेख उपलब्ध नाही. बॅबिलोनियातील मृत्तिकापाटीवरचा जगाचा आलेख लक्षात घेता ‘जगाचा पहिला नकाशा’ हा दावा टिकत नाही. ‘ग्रीकांतील पहिला ज्ञात नकाशा’ असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. हा नकाशा वर्तुळाकार होता, हे मत प्रामुख्याने ग्रीक इतिहासकार हीरॉडोटसच्या टीकेवरून बांधलेले अनुमान आहे. कर्कटकाने आखल्यासारखी गोल पृथ्वी आणि तिच्याभोवती वाहणारा महासागर काढणाऱ्यांची त्याने थट्टा केली आहे. पण त्याने कोणाचे नाव घेतलेले नाही. त्याचा रोख ॲनॅक्झिमँडरपेक्षा त्याच्या नकाशात सुधारणा करणाऱ्या हेकाटीअसवर असण्याचा संभव अधिक दिसतो.

शिक्षणाच्या संदर्भातील सर्वांत बोलका उल्लेख ॲरिस्टोफेनीसच्या *मेघ* या सुखात्मिकेत (पहिला प्रयोग इ. स. पू. ४२३) आढळतो. सॉक्रेटीसच्या विचारशाळेतील शिष्य एका वयस्क शेतकऱ्याला जगाचा नकाशा दाखवतो. ‘हे अथेन्स’ म्हटल्यावर शेतकऱ्याचा विश्वास बसत नाही, कारण न्यायासनावर बसलेले पंच त्याला कोठे दिसत नाहीत. शत्रुराज्य स्पार्टा इतके जवळ पाहून तो ते दूर हलवायला सांगतो. विनोद समजण्यासाठी प्रेक्षकांना नकाशाची निदान तोंडओळख हवी; तथापि नकाशे घरोघरी होते, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. शेतकऱ्याचे गोंधळणे उलट त्यांच्या दुर्मिळतेकडेच बोट दाखवते.

याहून भक्कम पुरावा ॲरिस्टॉटलनंतर लायसियम पीठाचा प्रमुख झालेल्या थिओफ्रास्टसच्या (मृत्यू सु. इ. स. पू. २८७) मृत्युपत्राचा आहे. तत्त्ववेत्त्यांचा चरित्रकार डायोजिनीस लेअर्शिअस याने ते उद्‌धृत केले आहे. पृथ्वीचे आलेख असलेले फलक खालच्या स्तंभमंडपात लावावेत, अशी सूचना त्यात आहे. अथेन्समधील लायसियम या पीठात नकाशे सर्वांना दिसतील असे मांडलेले होते, असे यावरून दिसते.

रोमन काळात शालेय भूगोल पुन्हा पाठांतराकडे झुकला. ॲलेक्झांड्रियाच्या डायोनिशिअसने षट्‌पदी (हेक्झॅमीटर) वृत्तात रचलेले, सुमारे १,१८० ओळींचे जगवर्णन शतकानुशतके शिकवले गेले. पेलोपनीस या दक्षिण ग्रीसमधील द्वीपकल्पाला चिनाराच्या पानाची आणि आयबेरियाला (आजचे स्पेन-पोर्तुगाल) बैलाच्या कातड्याची उपमा देऊन त्याने प्रदेशांचे आकार मुलांच्या ध्यानात राहतील असे केले. त्याच्या काळाविषयी पूर्वी बराच मतभेद होता. काव्यातील दोन ठिकाणी ओळींची आद्याक्षरे जुळवली असता कवीचे नाव आणि सम्राट हेड्रिअनचा (कार. ११७–१३८) निर्देश मिळतो, हे १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात उलगडल्यापासून दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध सामान्यतः मान्य झाला आहे.

ॲलेक्झांड्रियाचा भूगोलज्ञ टॉलेमी याच्या भूगोलविषयक ग्रंथातील (सु. इ. स. १५०) सुमारे ८,००० स्थळांचे अक्षांश-रेखांश व प्रक्षेपणाचे (गोल पृथ्वी सपाट पृष्ठावर दाखवण्याचे) नियम हा प्रगत अभ्यासाचा भाग असून शाळेशी त्याचा थेट संबंध जोडता येत नाही. त्यात पैठणचा ‘बैठन’ असा उल्लेख असून तेथील राजाचे दिलेले नाव सातवाहन नृपती पुळुमावीचे मानले जाते. भारतीय द्वीपकल्प मात्र त्यात इतके दबलेले आहे, की पश्चिम किनारा दक्षिणेकडे न उतरता जवळजवळ पूर्वेकडे जातो. या ग्रंथाची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी नकाशांकित हस्तलिखिते १३ व्या शतकाच्या अखेरची आहेत. त्यांतील रेखाटन टॉलेमीपासून अखंड चालत आले, की बायझंटिन विद्वानांनी आकड्यांवरून नव्याने केले, याविषयी एकमत नाही. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.