बाळाची कावीळ: पहिल्या दिवशीची आणि तिसऱ्या दिवशीची

नाशिकच्या थंडीत बाळंतपण झालं की बाळंतिणीची खोली पार बंदिस्त होऊन जाते. खिडकीला जाड पडदा, कोपऱ्यात शेगडी, ओवा-बाळंतशेपाची धुरी आणि वर पिवळट बल्ब. त्या उजेडात बाळ पिवळं आहे की बल्ब, हे अनुभवी आजीलाही कळत नाही. म्हणून दिवसा पडदा सारून बाळाला खिडकीपाशी घ्या. नाकाच्या शेंड्यावर बोट हलकेच दाबून उचला. दाबलेल्या जागी पिवळसर झाक दिसली तर कावीळ आहे. बाळ सावळं असेल तर डोळ्यांतला पांढरा भाग आणि हिरड्या बघा.

आता ही कावीळ साधी की काळजीची? नुसत्या रंगावरून ते ठरत नाही. आधी विचारायचं ते हे, की पिवळेपणा आला कधी?

साधी कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते. पोटात असताना बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असतात. जन्मानंतर त्या फुटतात, त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं आणि ते निस्तरायला कोवळं यकृत कमी पडतं. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळेपणा वाढतो, मग उतरतो. पूर्ण दिवसांचं बाळ दोन आठवड्यांत निवळतं. बिलिरुबिन बाहेर पडतं ते मुख्यतः शीवाटे, म्हणून दिवसरात्रीत 8 ते 12 वेळा अंगावर पाजणं हाच खरा उपाय. ग्लुकोजचं पाणी दिलं की पोट भरतं, दूध कमी जातं आणि कावीळ रेंगाळते.

पहिल्या 24 तासांत दिसलेली कावीळ मात्र साधी समजायचीच नाही. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह, किंवा आई ओ गटाची आणि बाळ ए वा बी गटाचं असेल, तर आईच्या रक्तातली प्रतिपिंडं बाळाच्या पेशी भराभर फोडू शकतात. काही बाळांत जी6पीडी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं. अशा बाळाला ट्रंकेतली जुनी झबली घातली आणि त्यांना डांबरगोळ्यांचा वास असला, तर तेवढ्यानेही पेशी फुटू शकतात. झबली आधी धुऊन, उन्हात वाळवून मगच घाला.

तिसऱ्या दिवशी आलेलीही कधीकधी वाट सोडते. पिवळेपणा तळपायांपर्यंत उतरला, बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, चिरक्या आवाजात रडू लागलं किंवा अंग मागे ताणू लागलं, तर रात्र काढू नका. बिलिरुबिन मेंदूत शिरलं तर बहिरेपण किंवा कायमचं अपंगत्व येऊ शकतं.

खरी गोम अशी, की नॉर्मल बाळंतपणानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी सोडतात आणि कावीळ चढते त्यानंतर. आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येतात, तेव्हा बाळाला दुपट्यातून मोकळं करून दाखवा. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा वेगळा कक्ष आहे आणि सरकारी दवाखान्यात आजारी नवजाताचे उपचार मोफत असतात.

कोवळ्या उन्हाबद्दल आजी ऐकणार नाहीत, ठाऊक आहे. पण फोटोथेरपीत, म्हणजे दवाखान्यातल्या काविळीच्या प्रकाशोपचारात, ठरावीक निळा प्रकाश उघड्या अंगावर तासन्‌तास पडतो. गच्चीतल्या दहा मिनिटांनी ते होत नाही, उलट डिसेंबरात बाळ गारठतं. काविळीची माळ आणि आईची हळद बंद करणं, दोन्ही निरुपयोगी. बाळंतिणीला तिचं जेवण नीट जेवू द्या.

दोन आठवडे उलटूनही पिवळेपणा राहिला तर कधीकधी तो आईच्या दुधामुळेच असतो आणि दूध तोडावं लागत नाही. पण शी पांढुरकी आणि लंगोटाला गडद पिवळा डाग पाडणारी लघवी असेल, तर पित्तनलिका बंद असू शकते. त्याची शस्त्रक्रिया साधारण 60 दिवसांच्या आत झालेली बरी, म्हणून भिजलेला लंगोट तसाच घेऊन डॉक्टरांना दाखवा.