कॅमशाफ्ट टायमिंगमधील बिघाड : निदान आणि दुरुस्ती

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे, दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, एक फेरा होतो. हे प्रमाण टायमिंग चेन, रबरी टायमिंग बेल्ट किंवा गिअर राखतात. पिस्टन सिलिंडरमध्ये कुठे असताना कोणता व्हॉल्व्ह उघडायचा आणि कधी मिटायचा, हे या जुळणीवर ठरते. ती बिघडली की गॅरेजच्या भाषेत ‘टायमिंग सरकले’. क्रँकच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेन ज्यावर चढते त्या दातेरी चाकाला, २० दात असतील, तर एक दात सरकणे म्हणजे क्रँकचे १८ अंश. एवढ्यावरही बरीच इंजिने चालू होतात, पण धड चालत नाहीत.

लक्षणे हळूहळू उमटतात. गाडी पिकअप घेत नाही, घाटात खालच्या गिअरवर आणावी लागते, अ‍ॅव्हरेज पडतो, स्टार्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ मारावा लागतो. चेन सैल झाली असेल तर सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-चार सेकंद इंजिनाच्या पुढच्या बाजूने खडखड येते आणि ऑइलचा दाब चढला की थांबते. हा आवाज ‘गरम झाल्यावर जातो’ म्हणून सोडून देऊ नये. चेन ताणून धरणारे बहुतेक टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतात, त्यामुळे दाब नसतानाची ती खडखड हाच सर्वांत आधीचा इशारा असतो.

गाडीच्या कंट्रोल युनिटने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला की बहुधा पी००१६ हा कोड दिसतो, म्हणजे क्रँक आणि इनटेक कॅम (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा) यांचे सेन्सर एकमेकांशी जुळत नाहीत. एक्झॉस्ट कॅमसाठी (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) पी००१७ येतो. पी००११ आणि पी००१२ कॅम गरजेपेक्षा पुढे किंवा मागे राहिल्याचे सांगतात, तर पी०३४० कॅम सेन्सरच्या सर्किटबद्दल असतो. कोड पाहून थेट चेन-किट मागवणे ही या कामातली सर्वांत महागडी सवय आहे. कोड फक्त विसंगती नोंदवतो. ती चेनमुळे आहे, ऑइलमुळे आहे की सेन्सरमुळे, हे मापूनच कळते, आणि हे मापन इंजिन न उघडता होते.

सुरुवात डिपस्टिकपासून, म्हणजे ऑइल पाहायच्या पट्टीपासून, करावी. अनेक गाड्यांत व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग असते, म्हणजे कॅमच्या टोकाचा फेझर ऑइलच्या दाबाने कॅमला पुढे-मागे फिरवतो. उत्पादनातील गाडीत अशी व्यवस्था प्रथम १९८० साली अल्फा रोमिओने आणली. आज साध्या हॅचबॅकमध्येही ती असते. ऑइल कमी असेल, चुकीच्या ग्रेडचे असेल किंवा त्याचा चिखल झाला असेल, तर फेझरला ऑइल सोडणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हची बारीक जाळी तुंबते आणि फेझर जागचा हलत नाही. पी००११ दिसत असेल तर हा व्हॉल्व्ह काढून जाळी पाहावी. मग इनटेक कॅमचा हा कंट्रोल व्हॉल्व्ह आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) थेट १२ व्होल्टवर क्षणभर चालवावा: इंजिन अडखळले किंवा बंद पडले, तर फेझर फिरतो आहे. काहीच फरक पडला नाही, तर अडथळा व्हॉल्व्ह, ऑइलचा मार्ग किंवा फेझर यांपैकी कशात तरी आहे. कुरतडलेली वायर, सैल कनेक्टर आणि सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडी चुराही याच टप्प्यावर तपासावा.

खरा निवाडा सेन्सरच्या सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप देतो. एका चॅनलवर क्रँक सेन्सर, दुसऱ्यावर कॅम सेन्सर घ्यावा. क्रँक सेन्सर ज्याचे दात मोजतो त्या चाकावर बहुधा ६० दातांची जागा असते आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात, म्हणून प्रत्येक दात ६ अंशांचा. गाळलेल्या जागेपासून कॅमच्या सिग्नलची कडा कितव्या दातावर येते ते मोजायचे आणि त्याच इंजिनाच्या निरोगी आलेखाशी ताडून पाहायचे. आलेख त्याच इंजिनाचा आणि त्याच तापमानाचा हवा. कडा या चाकाच्या तीन दातांनी सरकलेली दिसली, तर २० दातांच्या स्प्रॉकेटवर चेनने एक पूर्ण दात उडी मारली. फरक सेन्सरच्या चाकाच्या एक-दीड दाताचा असेल, तर ती उडी नव्हे. चेन ताणली गेली आहे किंवा फेझर मुक्कामावर परतत नाही. हे दोन निष्कर्ष वेगळ्या दुरुस्तीकडे नेतात, म्हणून कॅम दोन असतील तर दोन्ही पाहावेत. चेन सरकली की बहुधा दोन्ही कॅम मिळून सरकतात. एकट्याच कॅमचा फरक फेझरकडे बोट दाखवतो.

स्कोप नसेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि व्हॅक्यूम (इनटेकमधली हवेची ओढ) मोजण्याच्या दोन जुन्या चाचण्या आजही कामाच्या आहेत. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरमध्ये सारखेच कमी आले तर टायमिंगचा संशय घ्यावा; एकाच सिलिंडरमध्ये कमी असेल तर व्हॉल्व्ह किंवा पिस्टनची रिंग पाहावी. निरोगी पेट्रोल इंजिन आयडलवर समुद्रसपाटीला साधारण १७ ते २१ इंच पारा व्हॅक्यूम दाखवते. टायमिंग मागे पडले की काटा स्थिर राहतो, पण खाली. उंचीची वजावट मात्र करावी लागते: दर हजार फुटांना सुमारे एक इंच. मुंबईत ठीक वाटणारे इंजिन पुण्यात दोन आणि महाबळेश्वरला चार इंचांहून अधिक कमी दाखवेल, आणि त्यात बिघाड काहीच नसेल.

बेल्ट तुटला किंवा चेन बरीच सरकली तर बऱ्याच आधुनिक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. तेव्हा वारंवार स्टार्टर मारून पाहू नये. आधी कॉम्प्रेशन तपासावे, कारण व्हॉल्व्ह वाकले असतील तर व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवण्यावाचून इलाज नाही.

दुरुस्तीचे उदाहरण म्हणून फियाटचे १.३ मल्टिजेट डिझेल घेता येईल. १२४८ सीसीचे, १६ व्हॉल्व्हचे, चेनवरचे हे इंजिन २००३ मध्ये आले. पुण्याजवळच्या रांजणगावलाही ते बनले आणि मारुतीच्या स्विफ्टपासून टाटाच्या व्हिस्टापर्यंत लाखो भारतीय गाड्यांत गेले. याचे टायमिंग बांधताना खुणांवर विसंबत नाहीत: फ्लायव्हीलमध्ये एक पिन आणि कॅमसाठी लॉकिंग पिना बसवतात, म्हणजे क्रँक व कॅम दोन्ही जागच्या जागी कुलूपबंद होतात. पिना फक्त स्थिती राखण्यासाठी असतात. बोल्ट सैल करताना त्यांच्यावर जोर दिला तर पिन वाकते किंवा कॅमच मोडतो. त्यासाठी वेगळे होल्डिंग टूल असते. काही इंजिनांत क्रँकचे स्प्रॉकेट चावीने अडकवलेले नसून निव्वळ बोल्टच्या दाबावर धरलेले असते. तिथे जुना बोल्ट पुन्हा वापरणे किंवा टॉर्क (बोल्ट आवळण्याचा ठरलेला जोर) अंदाजाने देणे म्हणजे टायमिंग पुन्हा सरकायला वाट करून देणे.

नुसती चेन बदलणे हे अर्धवट काम. टेन्शनर, चेन ज्यांवरून घसरते ते दोन्ही गाइड आणि झिजलेली स्प्रॉकेट सोबतच बदलावीत. अनेक पेट्रोल इंजिनांत नव्या चेनच्या काही कड्या रंगीत असतात आणि त्या स्प्रॉकेटच्या खुणांवर ठेवून चेन चढवतात. त्यानंतर टेन्शनर मोकळा करून क्रँक हाताने, इंजिनाच्या दिशेनेच, दोन पूर्ण फेरे फिरवावा. स्प्रॉकेटच्या खुणा परत जुळल्या पाहिजेत. रंगीत कड्या मात्र तिथे परत येत नाहीत, त्यांना पुन्हा जुळायला कितीतरी फेरे लागतात. नवा मेकॅनिक इथे घाबरून सगळे परत उघडतो, त्याची गरज नसते. फिरवताना कुठे कडक अडथळा लागला तर मात्र हात थांबवावा, कारण तो पिस्टनला टेकलेला व्हॉल्व्ह असू शकतो.

बेल्टच्या गाडीत मुदत किलोमीटर आणि वर्षे या दोन्हींवर पाळतात. रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. बेल्टबरोबर टेन्शनर आणि बेल्टला वळण देणारे आयडलर बदलावेत, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तोही. ऑइल सील गळत असेल तर आधी ते बदलावे, कारण साध्या बेल्टला ऑइल सोसत नाही.

शेवटी कोड पुसून इंजिन चालू करावे, आवाज ऐकावा आणि ऑइल गरम झाल्यावर रस्त्यावर चालवून पाहावे. काही गाड्यांत क्रँक आणि कॅमचे नवे नाते कंट्रोल युनिटला स्कॅनरवरून शिकवावे लागते. मग लाइव्ह डेटात कॅमचा अपेक्षित कोन आणि प्रत्यक्ष कोन आयडलवर, मध्यम वेगाला आणि चढावर पाहावेत. दोन्ही आकडे एकमेकांचा पाठलाग करत जवळ राहिले आणि स्कोपवरची कडा ठरल्या दातावर आली, की गाडी मालकाच्या हाती द्यावी.