सरावाला निघालेली जहाजं

२८ डिसेंबर १९०८. पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी इटलीतल्या मेसिना सामुद्रधुनीत भूकंप झाला आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास मेसिना शहर जवळजवळ भुईसपाट झालं. पाठोपाठ सुनामीच्या लाटा आल्या. तारा तुटलेल्या, रेल्वे बंद, बंदराचे धक्के खचलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरासमोर जी पहिली मोठी मदत येऊन उभी राहिली, ती रशियन नौदलाची. 'त्सेसारेविच', 'स्लावा', 'अ‍ॅडमिरल माकारोव्ह' या युद्धनौका नवशिक्या नौसैनिक अधिकाऱ्यांना घेऊन भूमध्य समुद्रात प्रशिक्षण सफरीवर होत्या आणि सिसिलीतल्याच ऑगस्टा बंदरात थांबल्या होत्या. तोफा डागायचं शिकायला आलेली ती पोरं पुढचे काही दिवस हातांनी दगडविटा उपसत होती. जखमींना जहाजांवर चढवून नेपल्सला पोचवलं गेलं.

रशियन जहाजं तिथे होती हा निव्वळ योगायोग. पण या योगायोगामागे एक सवय आहे. शांततेच्या काळातही नौदलं आपली जहाजं धक्क्याला बांधून ठेवत नाहीत. बांधलेल्या जहाजाचे खलाशी गंजतात आणि जहाजही. म्हणून सफरी, सराव, परदेशी बंदरांच्या भेटी वर्षभर चालू असतात. त्यामुळे कुठेही आपत्ती आली, तरी जवळपास कुणाचं ना कुणाचं जहाज असण्याची शक्यता बरीच असते. २००४ मध्ये सुमात्राजवळच्या भूकंपानंतर सुनामी आली, तेव्हा 'अब्राहम लिंकन' ही अमेरिकी विमानवाहू नौका हाँगकाँगच्या भेटीवर होती. १ जानेवारीला तिची हेलिकॉप्टरं सुमात्राच्या आचे प्रांताच्या किनाऱ्यावर उतरत होती.

जवळ असणं ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी जहाजाच्या पोटात असते. महिनोन्‌महिने जमिनीपासून दूर राहायचं, तर वीज, पाणी, स्वयंपाक, दवाखाना, वर्कशॉप, संदेशयंत्रणा, सगळं बरोबर न्यावं लागतं. आणि उद्ध्वस्त किनाऱ्यावर नेमकं हेच सगळं बंद पडलेलं असतं. युद्धनौका मदतीसाठी बांधलेली नसते. ती स्वतःपुरती स्वयंपूर्ण असते, आणि त्यातलं थोडं वाटू शकते.

पाण्याचंच घ्या. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. वाफेवर चालणाऱ्या जहाजांवर पूर्वापार उपाय म्हणजे ऊर्ध्वपातन, म्हणजे पाणी उकळून त्याची वाफ पुन्हा थंड करायची. भांड्यातली हवा काढून दाब कमी केला की पाणी शंभर अंशांच्या बरंच आधी उकळतं, त्यामुळे इंजिनाची वाया जाणारी उष्णताही कामी येते. नव्या जहाजांवर बहुधा आरओ असतो. घरातल्या आरओचंच हे तत्त्व, फक्त दाब फार वेगळा. गोडं पाणी पडद्यातून आपणहून खाऱ्या पाण्याकडे जाऊ पाहतं. ही ओढ म्हणजे परासरण दाब, आणि समुद्राच्या पाण्यासाठी तो सुमारे २७ वातावरण, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या २७ पट असतो. पाणी पडद्यातून उलट्या दिशेने ढकलायचं तर त्याहून बराच जास्त, साधारण ६० वातावरण दाब द्यावा लागतो. समुद्रात सहाशे मीटर खोल गेल्यावर असतो तितका. एवढं करूनही घेतलेल्या पाण्यातला निम्म्याहून कमी भाग गोडा होऊन मिळतो. बाकीचं जास्त खारट होऊन परत समुद्रात जातं.

डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी माले इथल्या, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या निःक्षारीकरण प्रकल्पाला आग लागली. माले बेटावर नदी नाही, तळं नाही. लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले. भारतीय नौदलाची 'सुकन्या' ही गस्ती नौका ३५ टन पाणी घेऊन पोचली, आणि तिच्यावरची आरओ यंत्रं रोज आणखी २० टन बनवू शकत होती. मागून 'दीपक' हे तेलवाहू जहाज शेकडो टन पाणी घेऊन आलं.

मात्र पाणी बनवणं आणि पाजणं यांत फरक आहे. २०१० च्या हैतीतल्या भूकंपानंतर 'कार्ल व्हिन्सन' ही विमानवाहू नौका पोर्ट-ओ-प्रिन्ससमोर उभी होती. तिच्याकडे लाखो लिटर गोडं पाणी तयार करण्याची ताकद होती. अडलं ते डब्यांवाचून. पाणी भरून किनाऱ्यावर न्यायचं कशात? अणुभट्टीवर चालणाऱ्या जहाजाची प्लास्टिकच्या कॅनसाठी खोळंबण्याची वेळ यावी, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत बोलकं चित्र वाटतं.

आता पोचण्याचा प्रश्न. जहाजाचा वेग दुप्पट करायचा तर इंजिनाची शक्ती ढोबळमानाने आठपट लागते, कारण पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि शक्ती घनाने. अंतर निम्म्या वेळात कापलं जातं, तरी दर मैलाला इंधन चौपट जळतंच. म्हणजे बातमी ऐकून पूर्ण वेगाने धावलेलं जहाज टाक्या खाली करून पोचणार, आणि पोचल्यावर आठवडाभर उभं राहायचं असतं. म्हणून वाटेत भर समुद्रात तेल घ्यावं लागतं.

हा प्रकार पाहण्यासारखा असतो. दोन जहाजं चाळीस-पन्नास मीटर अंतर राखून, १२ ते १५ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वेगाने, तासन्‌तास शेजारी-शेजारी चालतात. आधी एका जहाजावरून बंदुकीने बारीक दोरी फेकतात, तिच्यामागे जाड दोर, मग पोलादी तार, मग तेलाची नळी. थांबून का घेत नाहीत? थांबलेल्या जहाजाला सुकाणू लागू होत नाही. लाटा त्याला हव्या तशा वळवतात. चालण्यातही धोका असतोच. दोन्ही जहाजांमधल्या अरुंद पट्ट्यात पाण्याचा वेग वाढतो, दाब घटतो आणि जहाजं एकमेकांकडे ओढली जातात. त्याउलट नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, दाब जास्त, तिथे ती एकमेकांना ढकलतात. शेजारी येताना आणि दूर जाताना हे ओढणं-ढकलणं क्षणाक्षणाला बदलतं. सुकाणूवरचा माणूस अर्ध्या-एक अंशाचे फेरफार करत राहतो. ही गोष्ट पुस्तकातून येत नाही, म्हणून प्रत्येक सफरीत तिचा सराव होतो, आणि काही बिघडलं तर झटकन वेगळं कसं व्हायचं याचाही.

किनारा दिसला म्हणजे काम झालं, असंही नाही. हैतीत बंदराच्या भरावाची ओली माती हादऱ्यांनी चिखलासारखी वाहिली, धक्का कोसळला आणि क्रेन पाण्यात गेली. अशा बंदरात मालवाहू जहाज न्यायचं म्हणजे आंधळी कोशिंबीर. नकाशात दाखवलेली खोली आता खरी नसते. इथे सर्वेक्षण नौकांचं काम सुरू होतं. त्यांच्या होड्या तळाकडे पंख्यासारखे पसरणारे ध्वनीचे झोत सोडतात, प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळावरून खोली काढतात (पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो) आणि बुडालेल्या वस्तूंचा नकाशा बनवतात. मग पाणबुडे उतरून वाट मोकळी करतात. छायाचित्रं विमानवाहू नौकेची छापून येतात; पण हेलिकॉप्टर एका खेपेत दोन-चार टन नेतं, तर उघडलेल्या बंदरात एक मालवाहू जहाज हजारो टन उतरवतं. माझं मत विचाराल तर श्रेय सर्वेक्षणवाल्यांना जास्त द्यायला हवं. २००४ मध्ये भारताच्या 'जमुना' आणि 'निरूपक' या सर्वेक्षण नौका तर रुग्णालय बनूनही गेल्या होत्या.

बंदर उघडेपर्यंत गोदी-नौका कामाला येतात. अशी नौका आपल्या टाक्यांत मुद्दाम समुद्राचं पाणी भरून मागची बाजू खाली बुडवते. पोटातल्या गोदीत पाणी शिरतं आणि आत ठेवलेले सपाट तळाचे तराफे तरंगून बाहेर पडतात. ते थेट वाळूवर जाऊन तोंड उघडतात, आतून ट्रक उतरतात. ही रचना शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्यासाठी निघाली. भारतीय नौदलात २००७ मध्ये दाखल झालेली 'जलाश्व' याच जातीची. मे २०२० मध्ये, कोविडच्या टाळेबंदीत, तिने मालेहून ६९८ भारतीयांना कोचीला आणलं.

वेगवेगळ्या देशांची जहाजं एकाच किनाऱ्यासमोर जमली की आणखी एक अडचण येते. एकाच्या हेलिकॉप्टरला दुसऱ्याच्या डेकवर उतरता येईल का? इंधनाच्या नळीचं तोंड जुळेल का? रेडिओवर कोण कुठल्या वाहिनीवर बोलणार? संयुक्त सरावांत तोफांचे आवाज बातम्यांत येतात, पण वेळ बराचसा असल्या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर जातो. भारताचा 'मिलन' हा सराव १९९५ मध्ये पोर्ट ब्लेअरला चार पाहुण्या नौदलांसह सुरू झाला. २०१४ मध्ये चीनमधल्या छिंगदाओ इथे पश्चिम पॅसिफिकमधल्या नौदलांनी समुद्रात अचानक गाठ पडली तर कसं वागायचं याची संहिता मान्य केली. दुसऱ्याच्या जहाजावर बंदुकीची नळी किंवा रडारचा नेम रोखू नये, इतक्या साध्या गोष्टी त्यात आहेत. शिवाय बोलावल्याशिवाय परक्या देशाच्या किनाऱ्यावर युद्धनौका मदत उतरवू शकत नाही. ती कितीही चांगल्या हेतूने आली, तरी तिच्यावर तोफा असतातच.

रुग्णालय जहाजांचं काय? अमेरिकेच्या 'मर्सी'वर एक हजार खाटा आणि बारा शस्त्रक्रियागृहं आहेत. सुनामीनंतर ५ जानेवारी २००५ ला ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सान दिएगोहून निघाली. तिचा वेग सुमारे १७ नॉट, पुढे अख्खा पॅसिफिक. आचेला पोचेपर्यंत फेब्रुवारी उजाडला. जखमांनी जे दगावायचे ते तोवर दगावले होते, आणि जे वाचले त्यांच्यावर पहिले उपचार आधी आलेल्यांनी केले होते. 'मर्सी'च्या डॉक्टरांनी तिथे पोचल्यावर उरलेले रुग्ण हाती घेतले. पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, ती पुन्हा त्याच भागात गेली, या वेळी कुठलीही आपत्ती आलेली नसताना.