पाणी मागता येत नाही, आरती मात्र म्हणता येते

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्या आजोबांना ‘पाणी’ हा साधा शब्द सापडत नाही. संध्याकाळी आरती सुरू झाली की तेच आजोबा दोन ओळी सगळ्यांबरोबर म्हणून जातात. घरच्यांना वाटतं, वाचा परत आली! आरती संपते आणि आजोबा पुन्हा गप्प.

स्वीडनच्या ओलोफ डालिनने १७४५ मध्येच अशा एका माणसाची नोंद करून ठेवली आहे. उजवी बाजू लुळी, तोंडातून जेमतेम ‘हो’ निघायचं. पण आधीपासून पाठ असलेली प्रार्थनागीतं कुणी सुरू करून दिली की तो शब्दांसकट गायचा.

शब्द असे हरवण्याला वाचाघात म्हणतात. बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याची मुख्य यंत्रणा डाव्या बाजूला असते. तिला इजा झाली की सांगायचं काय ते डोक्यात असतं, ओठांवर येत नाही. गाण्यात उजवा मेंदूही बराच भाग घेतो. पण पाठ असलेलं आपसूक येतं, म्हणून नुसती आरती म्हणून पाणी मागता येत नाही. खरी मेख इथेच आहे.

तिच्यावर १९७३ मध्ये बॉस्टनमध्ये एक तोडगा निघाला : मेलॉडिक इंटोनेशन थेरपी. उपचारक समोर बसतो, रुग्णाचा डावा हात धरतो आणि प्रत्येक अक्षराला एक थाप देतो. पा-णी-दे. सूर दोनच, एक वरचा, एक खालचा. आधी नुसतं गुणगुणायचं, मग दोघांनी मिळून गायचं, मग उपचारक मध्येच थांबतो आणि उरलेलं रुग्णाने पुरं करायचं. शेवटी सूर हळूहळू काढून घ्यायचा, की राहतं ते बोलणं. वाचायला सोपं, करायला कंटाळवाणं. मेंदूतज्ज्ञ गॉटफ्रीड श्लाउग यांच्या अभ्यासात रोज दीड तास, आठवड्याला पाच दिवस, अशी ७५ हून अधिक सत्रं झाली. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं, की अशा सहा रुग्णांच्या उजव्या मेंदूतला, ऐकणं आणि उच्चारणं जोडणारा तंतूंचा जुडगा वाढला होता. सहाच रुग्ण, हे विसरू नये.

श्रेय सुराचं की तालाचं, यावर वाद आहे. २०११ मध्ये लाइपझिगच्या संशोधकांनी १७ रुग्णांवर प्रयोग केले. त्यांना सुरापेक्षा ताल आणि सवयीचे शब्द महत्त्वाचे वाटले. मला तर ती डाव्या हातावरची थाप फार बोलकी वाटते.

अमेरिकेच्या तेव्हाच्या खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या डोक्यात डाव्या बाजूला ८ जानेवारी २०११ रोजी गोळी लागली. ह्यूस्टनच्या पुनर्वसन रुग्णालयात संगीतोपचार हा त्यांच्या उपचारांचा भाग होता. वाचाघात पूर्ण गेलेला नाही, अजूनही शब्द अडतात. लहानपणी वाजवलेला फ्रेंच हॉर्न मात्र त्यांनी पुन्हा हातात घेतला आहे.