लॉकस्क्रीनसुद्धा वेबपेजच

तुमच्या फोनवर ब्राउझर हे अनेक ॲप्समधलं एक ॲप असतं. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०११ मध्ये ‘बूट टू गेको’ नावाचा प्रकल्प सुरू केला आणि ही मांडणीच उलटी केली. फोन चालू केला की आधी लिनक्सचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, जागं होणार आणि त्याच्या पाठोपाठ थेट ब्राउझरचं इंजिन, म्हणजे पेज वाचून पडद्यावर मांडणारा भाग. घड्याळ, नंबर लावायचा कीपॅड, लॉकस्क्रीन, कोपऱ्यातली बॅटरीची खूण, डोळ्यांना दिसणारं सगळं एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट या वेबपेजच्याच भाषांमध्ये लिहिलेलं. पुढे याचंच नाव फायरफॉक्स ओएस झालं.

याचे तीन थर होते. तळाला गोंक, म्हणजे कर्नल आणि हार्डवेअरशी बोलणारा भाग. त्यातलं बरंचसं अँड्रॉइडकडून घेतलेलं. मध्ये गेको, फायरफॉक्सचं इंजिन. सर्वांत वर गाया, म्हणजे आपण हात लावतो तो इंटरफेस.

मला यातली सर्वांत सुंदर वाटते ती ॲप्स उघडण्याची रीत. वेबपेजच्या आत दुसरं पेज दाखवायला आयफ्रेम नावाची चौकट असते. बातमीच्या मधोमध दिसणारा व्हिडिओ पुष्कळदा अशाच चौकटीत असतो. गायामध्ये ‘सिस्टिम’ हे सर्वांत बाहेरचं पेज होतं आणि प्रत्येक ॲप त्याच्या पोटातल्या एका चौकटीत उघडायचं. एका ॲपवरून दुसऱ्यावर जाणं म्हणजे एक चौकट बाजूला सारून दुसरी पुढे आणणं. शिवाय ही ॲप्स वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे एकमेकांपासून अलग, चालत, त्यामुळे एखादं कोसळलं तरी फोन शाबूत राहायचा.

अडचण विश्वासाची होती. ब्राउझर मुळात अनोळखी पेजवर भरवसा न ठेवण्यासाठीच घडवलेला. इथे तर पेजनेच फोन लावायचा, एसएमएस पाठवायचा! म्हणून ॲप्सच्या तीन पायऱ्या केल्या. साध्या वेब ॲपला मोजकेच अधिकार. स्टोअरने तपासून सही केलेल्या ॲपला थोडे जास्त. आणि फोनसोबतच येणाऱ्या प्रमाणित ॲप्सना टेलिफोनीपर्यंतचे. तुम्ही हिरवं बटण दाबलं की डायलरच्या पेजमधली जावास्क्रिप्ट गेकोला सांगायची, गेको गोंककरवी मोडेमला, आणि पलीकडे रिंग वाजायची.

दुसरी अडचण वेळेची. हालचाल सलग दिसायची तर सेकंदाला ६० चित्रं हवीत, म्हणजे एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद. ब्राउझरची इंजिनं मात्र मजकूर मांडण्यासाठी जन्मलेली. एका परिच्छेदाची उंची बदलली की त्याखालच्या सगळ्याची जागा नव्याने मोजावी लागते आणि तेवढ्यात ते १६ मिलिसेकंद संपतात. त्यामुळे इथल्या डिझायनरला एक पथ्य पाळावं लागे: ॲनिमेशनमध्ये रुंदी-उंचीला हात लावायचा नाही, आधीच रंगवलेला थर फक्त सरकवायचा किंवा फिका करायचा. ते काम ग्राफिक्स चिप झटपट करते. स्क्रोलिंगही पुढे जावास्क्रिप्टपासून वेगळं काढलं गेलं; बोट फिरताच चित्र हलवायचं, पेजला मागाहून कळवायचं.

तिसरी अडचण मेमरीची, आणि ती आपल्याकडे सर्वांत जास्त जाणवली. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतात इंटेक्सचा क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांना आला. त्यात रॅम १२८ एमबी. मेमरी कमी पडली की मागची ॲप्स बंद करावी लागत. एवढ्याशा जागेत स्मार्टफोन बसवला हे माझ्या लेखी मोठं काम आहे, पण हाताळताना त्याची दमछाक लपत नसे. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने मोबाइल कंपन्यांमार्फत असे स्मार्टफोन विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

कोड मात्र मोफत आणि खुला होता. त्याच्यातूनच कायओएस ही बटणांच्या फोनसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम उभी राहिली आणि २०१७ मध्ये जाहीर झालेल्या जिओफोनमध्ये आली. महाराष्ट्रात ज्यांच्या हाती हा फोन होता, ते सगळे नकळत ब्राउझरच्या पोटातूनच फोन लावत होते. देवनागरीचाही इथे फायदा झाला. जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट जुळवण्याचं काम ब्राउझरचं इंजिन आधीपासून करतच होतं.

डिझाइन मात्र पुन्हा मुळापासून करावं लागलं, कारण जिओफोनच्या २.४ इंची पडद्याला स्पर्श कळतच नव्हता. बोट पडद्यावर हवं तिथे ठेवता येतं, बटणांनी मात्र एकेक पाऊल टाकतच जावं लागतं. म्हणून ‘आत्ता मी कुठे आहे’ हे प्रत्येक क्षणी उठून दिसायला हवं, आणि खालच्या पट्टीत डाव्या, मधल्या, उजव्या बटणाचं त्या वेळचं काम लिहिलेलं हवं. त्यासाठी नवी भाषा शोधावी लागली नाही. मधलं बटण दाबलं की पेजला ‘एंटर’चा इशारा मिळतो, कम्प्युटरच्या कीबोर्डवरून मिळतो तोच.